४.७ जीबीच्या चकतीत तीन तासांचे लग्न

कोऱ्या डीव्हीडीच्या वेष्टनावर दोन आकडे ठळक छापलेले असत: ४.७ जीबी आणि १२० मिनिटे. पूर्व नागपुरातले लकडगंज म्हणजे आरामशिनी, लाकडाचे टाल आणि त्यांच्या आगेमागे राहणारी व्यापारी कुटुंबे. २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इथे लागलेली कितीतरी लग्ने याच दोन आकड्यांत कोंबली गेली. हळद, संगीत, वरात, मंगलाष्टके, पंगती, पाठवणी असे सगळे धरले की ‘मिक्सिंग’ होऊन हाती येणारा व्हिडिओ तीन तासांच्या खाली क्वचितच येई. गुजराती-कच्छी घरांत रासगरब्याची रात्र त्यात वेगळी. चकती मात्र १२ सेंटिमीटरचीच राहते. मग लहान काय करायचे आणि किती करायचे, हा प्रश्न त्या काळी प्रत्येक स्टुडिओत रोज सुटत होता. तो नीट सुटला की नाही, हे त्या घरांना आज कळते आहे, कारण चकती हीच एकमेव प्रत उरली आहे.

आधी आकड्यांची गाठ सोडवू. डब्यावर ४.७ आणि संगणकात घातल्यावर ४.३७ असे दिसले की गिऱ्हाइकाला फसवणूक वाटे. फसवणूक काही नव्हती. कारखाना जीबी मोजतो तो १०० कोटी बाइटचा, विंडोज मोजते ती १,०२४ च्या घातांनी. डीव्हीडी-आर चकतीवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, डीव्हीडी-प्लस-आरवर त्याहून जराशी कमी, ४,७०,०३,७२,९९२. फरक साधारण ७० लाख बाइटचा. एरवी तो जाणवणारही नाही; पण फाइल अगदी काठोकाठ बसवली असेल तर ती एका जातीच्या चकतीवर जाते आणि दुसरीवर नाकारली जाते. म्हणून जाणते लोक ४.३७ वरही थांबत नसत, ४.३ च्या आतच राहत.

डीव्हीडीच्या आधी व्हीसीडी होती आणि तिचा हिशेब फार चतुर होता. ८० मिनिटांच्या सीडीवर ३ लाख ६० हजार खाने, म्हणजे सेक्टर असतात. साधा डेटा लिहिताना प्रत्येक खान्यात २,०४८ बाइटच माहिती ठेवतात, उरलेली जागा चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांना जाते. त्यातूनच ७०० एमबी हा आकडा येतो. १९९३ साली सोनी, फिलिप्स आदी कंपन्यांनी व्हीसीडीचे मानक ठरवले, तेव्हा त्यांनी चित्रासाठी हे संरक्षण सोडून दिले. एखादा ठिपका चुकला तर सिनेमा थांबत नाही, असा विचार त्यामागे होता. त्यामुळे प्रत्येक खान्यात २,३२४ बाइट बसले आणि त्याच सीडीवर जवळपास ८०० एमबी चित्र मावू लागले. सेकंदाला ११५० किलोबिट चित्र, २२४ किलोबिट आवाज आणि ३५२ बाय २८८ ठिपक्यांची चौकट: याच मापावर भारतातल्या एका पिढीने सिनेमे पाहिले. २२४ मिनिटांच्या ‘लगान’ला तीन सीडी लागत. मराठी नाटकेही दोन चकत्यांच्या संचात येत.

मग मोझर बेअर आली. १९८३ साली सुरू झालेली दिल्लीची ही कंपनी पुढे नोएडा परिसरात कोऱ्या सीडी-डीव्हीडी काढू लागली आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांत तिची गणना झाली. २००७ मध्ये तिने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली. इतक्या स्वस्तात सिनेमा मिळू लागल्यावर डीव्हीडी प्लेअर घरोघरी पोहोचला आणि लग्नाच्या कॅसेटची जागा लग्नाच्या डीव्हीडीने घेतली.

त्या वेळी शूटिंग होत असे मिनीडीव्ही टेपवर. एका टेपमध्ये एक तास, आणि तो तास संगणकात उतरवला की साधारण १३ जीबी. तीन तासांचे तयार मिक्सिंग म्हणजे ३९ जीबी. ते ४.७ मध्ये बसवायचे तर आठातला एक भागच ठेवता येतो. उरलेले सात भाग कुठून काढायचे, हेच खरे कसब.

त्याचा हिशेब सोपा आहे आणि तो कोणालाही कागदावर करता येतो. चकतीची जागा भागिले वेळ म्हणजे बिटरेट, अर्थात प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला आलेली जागा. एक तासाच्या व्हिडिओला ४.७ जीबीच्या चकतीत सेकंदाला १० मेगाबिटपेक्षा थोडे जास्त मिळतात. डीव्हीडीच्या मानकाची वरची मर्यादाच सुमारे १० मेगाबिट आहे, म्हणजे तासाभराच्या व्हिडिओला याहून चांगली चकती नकोच. दोन तासांना ५.२ मेगाबिट येतात. डब्यावरची १२० मिनिटे या ठिकाणाहून आली. तीन तासांना साडेतीन, चार तासांना २.६. तीन तासांपर्यंत काळजीपूर्वक केलेले काम बघण्याजोगे राहते. चार तासांवर ७२० बाय ५७६ ची पूर्ण चौकट ठेवणे म्हणजे चित्राचे हाल.

हाल कुठे होतात हे लग्नाच्या व्हिडिओत फार स्पष्ट दिसते. डीव्हीडीतले एमपेग-२ तंत्र साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण साठवते आणि मधल्या चित्रांत फक्त काय हलले, काय बदलले तेवढे नोंदवते. भटजी होमापुढे बसले आहेत आणि मागे मांडव स्थिर आहे, अशा दृश्याला जागा फारच कमी लागते. वरातीत बँडचे लोक नाचतात, आतषबाजी होते, तिथे ती भरमसाट लागते. सर्वांत महाग क्षण अक्षतांचा. ‘सावधान’ म्हणताच शेकडो दाणे उडतात, दहा फ्लॅश एकदम चमकतात, अंतरपाट दूर होतो. म्हणजे प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा पूर्ण वेगळे. सबंध व्हिडिओला एकच ठरावीक बिटरेट दिला असेल तर नेमक्या या क्षणी पडद्यावर चौकोन फुटतात. ज्या क्षणासाठी घरचे लोक ती चकती लावतात, तोच क्षण सर्वांत वाईट दिसतो.

यावर उपाय होता आणि तो फुकट होता. टू-पास पद्धतीत संगणक पहिल्या फेरीत सगळा व्हिडिओ फक्त तपासतो आणि दुसऱ्या फेरीत होमाच्या वाट्याची जागा काढून अक्षतांना देतो. रेंडरला वेळ मात्र जवळपास दुप्पट लागे. ऐन लग्नसराईत, एकामागून एक कामे रांगेत असताना, हा वेळ काढणारे स्टुडिओ आणि न काढणारे स्टुडिओ यांच्या चकत्यांत आजही फरक दिसतो. तंत्रातली ही एकच गोष्ट लोकांना माहीत असती तर पुष्कळ लग्ने अधिक चांगली जपली गेली असती.

दुसरी पळवाट म्हणजे चौकट लहान करणे. डीव्हीडीच्या मानकात पूर्ण चौकटीखेरीज ३५२ बाय ५७६ आणि ३५२ बाय २८८ या मापांनाही जागा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येई. बिटरेट कमी असेल तेव्हा मोठी चौकट फाटकी दाखवण्यापेक्षा अर्धी चौकट नितळ दाखवणे केव्हाही बरे. तिसरी पळवाट आधीच तयार डीव्हीडी पिळण्याची. ८.५ जीबीची दोन थरांची डीव्हीडी ४.७ मध्ये बसवणारे ‘डीव्हीडी श्रिंक’ नावाचे फुकट सॉफ्टवेअर तेव्हा सगळीकडे पोहोचले होते. ते व्हिडिओ नव्याने बनवत नाही, असलेल्याच चित्रांतला तपशील कमी करते, म्हणून काम झटपट होते. थोडे पिळले तर कळतही नाही. निम्म्यावर आणले की चेहरे मेणाचे दिसू लागतात. फुटपाथवर मिळणाऱ्या ‘पाच सिनेमे एका डीव्हीडीत’ चकत्यांचा दर्जा असाच घसरलेला असे, कारण बारा-तेरा तासांच्या ऐवजाला ४.७ जीबी म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटही नाही.

यातल्या कोणत्याही वाटेने गेले तरी जे गेले ते परत येत नाही. आरामशिनीवर ओंडका चिरला की फळ्यांबरोबर भुसा निघतोच, आणि फळ्या पुन्हा जोडून ओंडका होत नाही. आज कोणी साडेतीन मेगाबिटच्या डीव्हीडीवरून ‘फोर-के’ करून देतो म्हणाला, तर तो चौकट मोठी करून देईल. टेपवरचा तपशील त्याच्या हाती नाही.

म्हणूनच तीन तासांच्या पुढे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते दुसरी चकती. एका चकतीचा आग्रह गिऱ्हाइकाचा असे आणि दुकानदाराचाही. कव्हर एक, छपाई एक, नातेवाइकांना वाटायच्या वीस-पंचवीस प्रतींचा खर्च निम्मा. पण लग्नाला तोडायला जागा मुळातच आहेत. हळद-संगीत एका चकतीवर, लग्न दुसरीवर, स्वागतसमारंभ तिसरीवर. अमेरिकेतल्या नातलगांना पाठवायच्या प्रतींची गोष्ट आणखी निराळी होती. तिथले बरेच प्लेअर भारतातली पाल पद्धतीची डीव्हीडी दाखवत नसत. त्यांच्यासाठी ७२० बाय ४८० च्या एनटीएससी मापाने वेगळी चकती करावी लागे, आणि ती पालच्या तयार डीव्हीडीवरून न करता मूळ मिक्सिंगवरून केली तरच धड होई.

विदर्भात या हिशेबाची खरी कसोटी लावायची तर झाडीपट्टीची नाटके घ्यावीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, वडसा हे केंद्र धरून, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. सहा तासांचा असा प्रयोग एका डीव्हीडीवर घ्यायचा तर सेकंदाला पावणेदोन मेगाबिट हाती येतात, म्हणजे जवळपास व्हीसीडीचाच दर्जा. पण प्रयोगात प्रवेश आहेत, लावण्या आहेत, मध्यंतर आहे. दोन-दोन तासांच्या तीन चकत्या केल्या तर प्रत्येक भागाला पाच मेगाबिट मिळतात. रंगमंचावर कॅमेरा तिपाईवर स्थिर असतो आणि नेपथ्य फारसे हलत नाही, त्यामुळे हे पाच मेगाबिट लग्नातल्या सात-आठांची बरोबरी करतात. जिथे मूळ संहिताही पुष्कळदा हस्तलिखितच असते, तिथे प्रयोगाच्या चित्रीकरणात दोन चकत्यांचे पैसे वाचवणे फार महागात पडते.

फाइल जशीच्या तशी, डेटा म्हणून जपायची असेल तर वाट वेगळी. जुन्या आयएसओ ९६६० पद्धतीत एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी लिहिता येत नाही. चकतीवर जागा असूनही सॉफ्टवेअर नकार देते. तिथे यूडीएफ पद्धत निवडावी लागते. मेमरी कार्डाच्या फॅट-३२ रचनेलाही हीच ४ जीबीची मर्यादा आहे, म्हणून कॅमेरे मोठे शूटिंग आपोआप तुकड्यांत लिहितात. मोठी फाइल विनरार किंवा सेव्हन-झिपने तुकडे करून पाच-सहा चकत्यांवर टाकण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. ती टाळलेलीच बरी. सहापैकी एक चकती बिघडली की उरलेल्या पाचांतूनही लग्न निघत नाही. व्हिडिओच भागांत कापून प्रत्येक भाग स्वतंत्र चालेल असा ठेवला, तर एका चकतीबरोबर तेवढाच भाग जातो.

चकती भरण्याच्या पद्धतीनेही पुष्कळ घात केले आहेत. लेखन आतून बाहेर होते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डीव्हीडीचा शेवट अगदी कडेला येतो, आणि बोटांचे ठसे, वाकणे, रंगाचा विरळ थर हे दोष सर्वांत जास्त तिथेच. लग्नाच्या चकतीत शेवटी असते पाठवणी. ‘पाठवणीला अडकते’ ही तक्रार यातूनच येई. सोळापट वेगाने लिहिण्याऐवजी आठपट वेगाने लिहिले आणि कडेला थोडी जागा सोडली तर ही तक्रार बरीच टळे.

त्यात नागपूरची हवा. लिहिण्याच्या चकतीत माहिती धातूवर कोरलेली नसते. सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात लेसरने खुणा केलेल्या असतात. उष्णता आणि ऊन दोन्ही या रंगाचे शत्रू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत चकत्या २० अंशांखाली, कोरड्या जागी आणि उभ्या ठेवायला सांगितले होते, चिकट लेबल लावू नका असेही बजावले होते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात, पत्र्याच्या कपाटावर, नवरा-नवरीचा फोटो छापलेले चिकट लेबल लावून आडव्या ठेवलेल्या चकत्या पंधरा-वीस वर्षांनी वाचतात तेच नवल. सीडीचा आणखी एक धोका लोकांना उलटा वाटतो: चमकणाऱ्या बाजूपेक्षा नाव लिहायची बाजू नाजूक असते. चमकता थर नेमका तिथेच, जेमतेम लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. बॉलपेनने दाबून लिहिले की चकती गेली.

चकतीवरची प्रत आणि मूळ चित्रीकरण यांतला फरक केवळ घरगुती नाही, हे महाराष्ट्राने न्यायालयातही पाहिले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते आणि ते चित्रीकरण व्हीसीडीवर उतरवून पुराव्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी त्याच प्रकरणात तत्त्व पक्के केले: ज्या उपकरणात मूळ नोंद झाली ते समोर ठेवले तर प्रश्न नाही, पण चकतीवरची प्रत द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. म्हणजे सीसीटीव्हीचे मोठे चित्रीकरण डीव्हीडीत बसावे म्हणून दाबले, की ती मूळ फाइल राहत नाही. पुरावा म्हणून द्यायचा व्हिडिओ दाबू नये. मोठी चकती किंवा हार्ड डिस्क वापरावी.

मोठी चकती म्हणजे ब्लू-रे. एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५०, पुढच्या बीडीएक्सएल जातीत १०० च्याही वर. तांत्रिकदृष्ट्या मिनीडीव्हीच्या ३९ जीबीच्या लग्नाला ती चपखल होती. पण ब्लू-रे लेखक आणि कोऱ्या चकत्या महाग राहिल्या, घरी प्लेअर नव्हते, आणि तोवर पेनड्राइव्ह स्वस्त झाला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणारे स्टॉल हा बदल नीट दाखवतात. तिथे आधी भीमगीतांच्या कॅसेट होत्या, मग सीडी आणि व्हीसीडी, मग एका सीडीत बारा-तेरा तासांची गाणी भरलेल्या एमपी-थ्री चकत्या आणि पुढे गाणी भरलेले पेनड्राइव्ह.

कारखानेही मिटले. मोझर बेअर २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये अवसायनाचा आदेश निघाला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचे उत्पादन थांबवले, आणि त्याच घोषणेत मिनीडीव्ही टेपचेही. आजच्या फोनवरचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला दीडशे ते दोनशे एमबी घेतो, ४.७ जीबीच्या चकतीत तो अर्ध्या तासाच्या आतबाहेरच मावतो. नव्या शूटिंगसाठी डीव्हीडीचा विचार आता कोणी करत नाही, आणि करूही नये.

लकडगंजातल्या कपाटांतल्या जुन्या चकत्यांचा प्रश्न मात्र आज तातडीचा आहे, कारण लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्ह गेले आहेत आणि यूएसबीचे बाहेरचे ड्राइव्ह अजून मिळतात. चकतीवरचा व्हिडिओ उतरवताना पुन्हा दाबू नये. डीव्हीडीवर तो एकेक जीबीच्या व्हीओबी फायलींत असतो. त्या जशाच्या तशा जोडून ठेवता येतात आणि दर्जा तसूभरही घटत नाही. आज १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेहून जास्त डीव्हीडी मावतात, तेव्हा जागा वाचवण्याचे कारणच उरलेले नाही. वाचताना अडणारी चकती दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये कमी वेगाने वाचून पाहावी. ‘डीडीरेस्क्यू’सारखे फुकट सॉफ्टवेअर वाचता येतील ते खाने आधी घेते आणि बिघडलेल्यांवर पुन्हा पुन्हा परतते. सुरुवात चिकट लेबलवाल्या, काठोकाठ भरलेल्या आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू चकत्यांपासून करावी, कारण त्या सर्वांत आधी जातात. त्याहीआधी माळा तपासावा. मिनीडीव्ही टेप सापडल्या तर चकत्या बाजूला ठेवून आधी टेपच चालू कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने उतरवून घ्याव्यात, तासाला १३ जीबी या पूर्ण मापाने.